दात आहेत तोवर

पँटच्या खिशात कच्चा कांदा ठेवला, तर दुपारपर्यंत कांदा मऊ पडतो. माणूस तसाच राहतो.

*

बँकेच्या रजा नियमावलीत बाळंतपण आहे, कुत्रा चावणं आहे, सासऱ्याचं निधन आहे. ऐकणं नाही.

*

जेऊरला जी गाडी थांबत नाही, ती शिट्टी मात्र मारते.

*

दानेश्वरीबाईंच्या हातची कडक भाकरी एकदा भिंतीवर आपटली होती. भाकरीला काही झालं नाही. भिंत शेजारच्या रुद्रप्पा काकांची होती.

*

ओलं उपरणं उन्हात किती वेळात वाळतं, हे बघणारा कुठल्या आळीचा आहे यावर असतं.

*

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं पुढच्या दातांवर असतं.

*

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं नंदीश बिराजदारांनाही चैत्र लागेपर्यंत वाटलं नव्हतं. मग एका सकाळी जुळे सोलापुरातल्या आपल्या गॅलरीत चहा पिताना त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि बशी त्यांच्या हातातून सुटली.

व्हिडिओत अजिंक्य होता. माळशिरस तालुक्यातल्या सोनपाखरू ब्रास बँडचे मुख्य म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे मानसिंग मास्तर, आणि अजिंक्य हा त्यांचा पुतण्या. बँडची बुकिंगं तो घेतो, टेम्पोही तोच चालवतो. तो कॅमेऱ्यात बघून, कुणी तरी गेल्यासारखा आवाज काढून सांगत होता, "रसिकहो, मास्तरांचं पुढचं दात हालाय लागल्यात. डॉक्टर म्हनला, काढावं लागनार. पावसाळ्यात काढनार. म्हंजे सोनपाखरूचा ह्यो शेवटचा उन्हाळा. जितं जत्रा, तितं या. दात हायेत तोवर ऐकून घ्या!"

"काय झालं?" त्यांच्या पत्नी दानेश्वरीबाई आतून धावत आल्या. "कोण गेलं?"

"दात," नंदीशराव म्हणाले.

आता दुसऱ्याच्या दातांसाठी इतकं हबकायचं कारण काय, हे सांगायला हवं. सोनपाखरू बँड कार्यक्रम संपवताना 'परतीची' नावाची एक धून वाजवतो. ढोल थांबतात, ताशा थांबतो, एकटी क्लॅरिनेट सुरू होते. सूर वर चढत जातो, आणखी वर जातो, आता वळणार असं वाटतं, आणि मग काय होतं ते नंदीशरावांना माहीत नव्हतं. ती धून त्यांनी कधीच पुरती ऐकली नव्हती. स्वतःच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, सूर नेमका त्या जागेवर असताना जीपवाल्याने हॉर्न मारला आणि बँड थांबला. त्यानंतर ज्या ज्या मांडवात ती कानावर पडली, तिथे तिथे नेमक्या त्याच जागी कधी वीज गेली, कधी बैल उधळला, कधी नवऱ्याच्या मामाला भोवळ आली. बायकोवर, बँकेवर आणि सिद्धेश्वरावर श्रद्धा असलेला हा एरवी शहाणा गृहस्थ रात्री अंथरुणात त्या अर्ध्या धुनीपाशी येऊन अडायचा.

आणि आता दात निघणार होते. मास्तरांच्या तीन जत्रा त्यांच्या आवाक्यातल्या होत्या: सांगोल्याकडची, जेऊरची आणि नातेपुत्याकडची. त्यांनी ठरवलं की तिन्हीकडे जायचं, आणि 'परतीची' एकदा शेवटपर्यंत ऐकायची. साधी गोष्ट होती.

*

साधी गोष्ट ऐकून रुद्रप्पा काका गंभीर झाले. काका निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही.

"उन्हात जाणार? टोपी, ताक, आणि खिशात कांदा," काका म्हणाले. "कांदा ऊन ओढून घेतो."

"कुठल्या खिशात, काका?"

"पँटच्या. शर्टच्या खिशातला हृदयाकडचं ऊन ओढतो, ते चांगलं नाही."

काकांच्या शास्त्रात असले बारकावे असत. ते विचारायला गेलं की अजून बारकावे निघत. नंदीशरावांनी कांदा घेतला.

रजा मात्र खिशात घालण्यासारखी नव्हती. नंदीशरावांची चूक एवढीच झाली, की त्यांनी अर्जात खरं कारण लिहिलं. शाखेच्या मॅनेजर प्रियंका मॅडम वयाने लहान, कामाला कडक आणि स्वभावाने चांगल्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"बिराजदार, घरी कोणी गेलं का?"

"नाही मॅडम."

"कोणी आजारी?"

"सगळे ठणठणीत."

"मग हे काय लिहिलंय? 'आवडत्या बँडचा उन्हाळी दौरा ऐकण्यासाठी'?"

"खरं कारण लिहावं असं नियमात आहे."

मॅडम सुन्न झाल्या. "अहो, नियमात आहे म्हणून कोणी लिहितं का? एखादी मावशी नाही का तुम्हाला?"

मावशी होती, आणि ती ठणठणीत होती. रोज सकाळी योगासनं करत होती. तिला मारायला नंदीशरावांचा हात धजेना. तेव्हा अर्ज मुख्य कार्यालयात गेला, कारण शाखेच्या पातळीवर असं काही घडल्याची नोंद नव्हती. मुख्य कार्यालयातही नव्हती. तिकडून प्रश्न आला: 'सदर कर्मचारी सदर बँडमध्ये वाजवतो काय?' इकडून उत्तर गेलं: 'वाजवत नाही. फक्त ऐकतो.' तिकडून निर्णय आला: 'केवळ ऐकण्यासाठी रजेची तरतूद नाही. वाजवत असल्यास सांस्कृतिक कार्य म्हणून विचार करता येईल.'

"वाजवा की मग," प्रियंका मॅडम कंटाळून म्हणाल्या.

अजिंक्यला फोन केला. तो म्हणाला, "त्यात काय साहेब, लगीच देतो लिवून." आणि त्याने बँडच्या कागदावर, वर पंख पसरलेल्या सोनपाखराचं चित्र असलेल्या, दाखला पाठवला, की श्री. नंदीश बिराजदार हे आमच्या बँडमध्ये खुळखुळा वाजवतात.

खुळखुळाच का, हे नंदीशरावांना लागून राहिलं. इतकी वर्षं मान खाली घालून नोकरी केलेल्या माणसाला निदान ट्रम्पेट तरी द्यायला हवा होता. पण रजा मंजूर झाली. वर मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना परिपत्रक काढलं, की आपले सहकारी खुळखुळा वाजवतात ही भूषणावह बाब आहे. नंदीशराव ते वाचून हादरले. दानेश्वरीबाईंना त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांना ते रुद्रप्पा काकांनी दाखवलं.

*

सांगोल्याच्या पुढे, डाळिंबाच्या बागांच्या मधल्या एका गावात पहिली जत्रा होती. नंदीशराव सगळ्यांत पुढे, पोत्यावर बसले. मानसिंग मास्तर पुढे आले. लाल कोट, पांढऱ्या मिशा, आणि सारखा तोंडाशी जाणारा रुमाल. दोन तास त्यांनी असं वाजवलं की टोप्या उडाल्या. मग ढोल थांबले, ताशा थांबला. माळरानावर एकटी क्लॅरिनेट राहिली. नंदीशरावांनी डोळे मिटले. सूर वर चढत गेला, आणखी वर गेला, आता वळणार, आता —

"टँकर आला!"

नंदीशरावांनी डोळे उघडले तेव्हा मैदानात त्यांचं पोतं आणि एक शेळी एवढंच उरलं होतं. जत्रा हंडे घेऊन पळत होती. पाळणेवाला पाळणा सोडून पळत होता, आणि वर अडकलेली माणसं आपले हंडे कोणीतरी भरा म्हणून ओरडत होती. बँडचा ढोलवाला त्या गावचा जावई निघाला. तो ढोल टाकून सासूच्या मदतीला गेला. मास्तरांनी शांतपणे क्लॅरिनेट खाली घेतली.

"ओ पावनं!" एका बाईने नंदीशरावांच्या हातात पाइपाचं टोक दिलं. "बगत काय बसलाय? धरा की!"

पाइप फुटका होता. भर उन्हाळ्यात सांगोल्याहून ओलाचिंब होऊन परतलेला माणूस सोलापूरच्या एसटी स्टँडवर त्याआधी कोणी पाहिला नसावा. कंडक्टरनेसुद्धा उठून बघितलं.

"अय्यो देवा!" दानेश्वरीबाई दारातच थिजल्या. "ऐकायला गेला होता की बुडायला?"

*

जेऊरच्या वेळी नंदीशरावांनी काळजी घेतली. मैदान रेल्वेमार्गाला लागून आहे, हे त्यांना ठाऊक होतं. रुद्रप्पा काकांचा रेल्वेच्या वेळापत्रकावर वेदांइतका अभ्यास. काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "त्या वेळेला जेऊरला एकही गाडी थांबत नाही."

काका खरं बोलले होते. एकही थांबली नाही.

सूर वर चढत गेला, आणखी वर गेला, आता वळणार, आता — आणि एक एक्स्प्रेस अशी काही शिट्टी मारत गेली की नंदीशरावांच्या टोपीने दिशा बदलली. तिच्यामागून सिमेंटची मालगाडी आली. तिला घाई नव्हती. शेवटचा डबा गेला तेव्हा मास्तर क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवत होते.

नंदीशराव धावले. "मास्तर! पुढचं?"

मास्तरांनी रुमाल तोंडावर धरला. "फुडच्या जत्रंला, साहेब."

नंदीशरावांनी भीत भीत चिक्की पुढे केली. मास्तरांनी रुमालाआडूनच मान हलवली. किती जपतात दात! नंदीशरावांना भरून आलं. घरी जाऊन त्यांनी स्वतःही आठवडाभर चिक्की खाल्ली नाही.

*

"एकदा ओले आलात," दानेश्वरीबाई म्हणाल्या. "एकदा बहिरे आलात. तिसऱ्यांदा काय होऊन येता ते मला डोळ्यांनी बघायचंय."

तर तिसऱ्या जत्रेला त्या बरोबर निघाल्या. पिशवीत कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, ताकाची बरणी आणि बर्फाच्या पाण्याची मोठी बाटली. नातेपुत्याच्या एसटीत खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. तो अंगावर घेत नंदीशरावांनी प्रथमच बायकोला सगळं सांगितलं: पाठवणी, ती धून, तो हॉर्न, आणि त्या जागी इतकी वर्षं अडून बसलेला आपला जीव.

दानेश्वरीबाईंनी पाण्याची बाटली पिशवीत नीट खोचली. मग म्हणाल्या, "हॉर्न मारायला मीच सांगितलं होतं."

नंदीशरावांच्या खिशातला कांदा आत कुठेतरी सरकला.

"काय?"

"शालू टोचत होता. ऊन किती होतं! रडून रडून घसा सुकलेला. जीपवाल्याला म्हटलं, दादा, मार हॉर्न, नाहीतर हे बँडवाले थांबायचे नाहीत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला काय माहीत तुम्ही ऐकताय. मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे बघताय."

नंदीशराव माळशिरस येईपर्यंत बायकोकडे बघत राहिले.

*

गाव नातेपुत्याच्या अलीकडे. नाव सांगत नाही. नंदीशरावांनी सांगू नये म्हणून सांगितलंय.

नवराबायको एसटीतून उतरतात न उतरतात, तोच एक दणकट म्हातारा हात वर करून ओरडला, "आलं, आलं! सोलापूरचं साहेब आलं!" तो जत्रेचा पंच, कोंडीबा. हलगी वाजली. नंदीशराव मागे वळून बघतात तो त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळला जात होता. 'अहो, मी' म्हणेपर्यंत दोन वळसे झाले, 'मी फक्त' म्हणेपर्यंत तुरा निघाला.

"मी फक्त ऐकायला आलोय हो!"

"आमालाबी ऐकनाराच पायजे की!" कोंडीबा म्हणाला आणि दोघांना मंचावर घेऊन गेला.

त्या गावची रीत अशी, की फेटा आधी बांधायचा आणि विचारपूस नंतर करायची. आणि एकदा फेटा बांधलेल्या माणसाला 'तुम्ही कोण' असं विचारणं हा त्याचा अपमान. त्यामुळे तुम्ही कोण, हे नंदीशरावांना कोणी विचारलंच नाही. मंचावर बसल्यावर त्यांना हळूहळू कळलं, की वरच्या आळीने सोनपाखरूला आणलंय, खालच्या आळीने दुसऱ्या एका बँडला. पालखी निघायच्या आधी भर दुपारी दोघांचा सामना होणार. आणि सोलापूरहून यायचा होता तो परीक्षक आपण आहोत.

"येळ घड्याळानं मोजायची न्हाय," कोंडीबाने समजावलं. "घड्याळ कुनाचं, यावरनं मागं डोकी फुटली. द्येवाचं उपरनं हिरीत बुडवायचं, मंचावरल्या दोरीवर टाकायचं. वाळलं की घंटा. वाळलं का न्हाय, त्ये तुमी गालाला लावून बगायचं. घंटा झाली की वाजाप बंद, सूर कुटंबी आसंना."

इतकी वर्षं ही धून जीपने, टँकरने, रेल्वेने तोडली. आता घंटा त्यांच्याच हातात होती.

त्यात माइकवर सिद्धराम. तो बँकेच्या तिकडच्या शाखेतला कॅशियर, आणि जत्रेचा हौशी निवेदक. नंदीशरावांना बघून त्याचे डोळे चमकले. "बिराजदार साहेब, तुम्ही! परिपत्रक वाचलं हो आम्ही!"

नंदीशरावांनी ओठांवर बोट ठेवलं. सिद्धरामला तो विनय वाटला.

खालच्या आळीचा बँड वाजला. उपरणं वाळलं. नंदीशरावांनी ते गालाला लावलं, घंटा दिली. कुणाची तक्रार नाही. उपरणं पुन्हा विहिरीत गेलं, दोरीवर आलं, आणि मानसिंग मास्तर पुढे झाले. फेट्यातल्या परीक्षकाला बघून ते जरा दचकले. रुमाल तोंडाशी गेला.

मास्तर रंगात आले. उपरणं वाळत गेलं. मध्यावर ते पापडासारखं झालं, कडेने वाजायला लागलं, एकच कोपरा दमट राहिला, आणि तेव्हा ढोल थांबले, ताशा थांबला. एकटी क्लॅरिनेट उरली.

"साहेब, बगा वाळलं का!" खालची आळी ओरडली.

नंदीशरावांनी उपरणं गालाला लावलं. वाळलं होतं. तो दमट कोपरा त्यांनी मुठीत धरला आणि घंटेच्या दोरीकडे बघितलंच नाही. आयुष्यात प्रथमच ते काहीतरी बेकायदा करत होते. सूर वर चढत गेला.

"ओलं आहे," ते म्हणाले.

सूर आणखी वर गेला. तेवढ्यात पाठीमागून गार काहीतरी त्यांच्या मनगटावर पडलं. त्यांनी मान वळवली. दानेश्वरीबाई, पदर डोक्यावर, चेहरा देवळातल्यासारखा, बाटली पदराआड धरून उपरण्यावर बर्फाचं पाणी ओतत होत्या. इतक्या वर्षांत या बाईने रेशनच्या रांगेतही कोणाचा नंबर घेतला नव्हता. नंदीशरावांचं तोंड उघडं राहिलं.

"ऐका तुम्ही," त्या पुटपुटल्या. "ऐका!"

आता वळणार, आता —

"आरं, उपरनं ठिबकतंय!"

सगळं गाव उठून उभं राहिलं. वाळत आलेलं उपरणं मंचावरच्या सतरंजीवर धार धरून गळत होतं. देवाचा चमत्कार म्हणून दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. बाकीच्यांची तशी समजूत झाली नाही.

"साहेब फितूर हाय!"

आणि इथे सिद्धरामने साहेबांची बाजू घेतली. तो मनाने चांगला माणूस. त्याला आपल्या बँकेचा अपमान सहन झाला नाही. त्याने माइक तोंडाजवळ घेतला आणि आवाज चढवला, "बंधूंनो! साहेबांवर संशय घेऊ नका! यांचा अधिकार मोठा आहे! हे स्वतः सोनपाखरू बँडमध्ये खुळखुळा वाजवतात!"

शेजारच्या माळावर चरणाऱ्या मेंढ्यासुद्धा थांबल्या.

मग खालची आळी मंचावर चढली, घंटेची दोरी कुणीतरी ओढली, आणि घंटा घणाणली. मास्तरांनी त्याच जागी क्लॅरिनेट ओठांवरून काढली. घंटा म्हणजे घंटा.

कोंडीबा नंदीशरावांसमोर येऊन उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. त्याला धक्का बसला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"साहेब, तुमी परीक्षक हाय का खुळखुळा?"

"मी ऐकायला आलो होतो," नंदीशराव म्हणाले.

"मग वाजवतं कोन?"

"मी खरा वाजवत नाही हो. मी फक्त कागदावर वाजवतो."

कोंडीबाने यावर बराच विचार केला. शेवटी त्याने निकाल दिला: सामना बाद, दोन्ही आळ्या सारख्या, सोनपाखरूने टेम्पो भरावा. आणि साहेब? "बांदलेला फेटा गाव सोडवत न्हाय. तसंच जावा. नारळ घ्या. वैनींची वटी भरा गं. आन् येस्टीची वाट बगत हितं थांबू नगा, चालाय लागा."

बायकांनी दानेश्वरीबाईंची ओटी भरली. भरता भरता एकीने त्यांना चांगलंच सुनावलं आणि दुसरीने खण कसा शिवायचा ते सांगितलं. गावाने नवराबायकोला वाजतगाजत, खालच्या आळीच्या बँडसकट, शिवेबाहेर काढलं.

*

डांबरी रस्ता पायाला चिकटत होता. नंदीशराव तुरा सांभाळत चालले होते. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की आपल्याला काहीच वाटत नाही. मागून सोनपाखरूचा टेम्पो आला आणि थांबला.

"बसा, खुळखुळेवालं," अजिंक्य म्हणाला.

पुढे एका लिंबाखाली सगळे उतरले. दानेश्वरीबाईंनी भाकऱ्या सोडल्या. ढोलवाला भाकरी मोडायचा तेव्हा ताशेवाला दचकायचा, असा आवाज येत होता. मास्तरांनी आपला तुकडा ताकात घातला आणि तो भिजायची वाट बघत बसले.

"मास्तर," दानेश्वरीबाई एकदम म्हणाल्या. "आमच्या लग्नात हॉर्न मी मारायला लावला. उपरण्यावर पाणी मी ओतलं. आता इथे कोणी नाही. साकु, पुरे झालं हे अर्धं अर्धं. यांना एकदा सगळं ऐकवा, म्हणजे मला घरी न्यायला माणूस मिळेल."

टेम्पोच्या दाराशी उभ्या असलेल्या अजिंक्यने स्टिअरिंगवर टेकलेला हात काढून घेतला, न जाणो हॉर्नवर पडायचा.

मास्तरांनी हात पुसले. क्लॅरिनेट काढली. पानं हलत नव्हती. नंदीशरावांनी डोळे मिटले नाहीत. ते रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे, आकाशाकडे आणि मग बायकोकडे बघत राहिले. सूर वर चढत गेला, आणखी वर गेला, आता वळणार, आता —

काही झालं नाही. टँकर नाही, गाडी नाही, घंटा नाही. मास्तरांनी आपणहूनच क्लॅरिनेट खाली घेतली.

"पुढं?" नंदीशराव म्हणाले.

"फुडं न्हाय."

"म्हणजे?"

"फुडचं मला येत न्हाय, साहेब." मास्तर खाली बघत होते. "वडलांनी शिकीवली ती हितवर. त्यांनाबी कुनी फुडं जाऊ दिलं न्हाय. कुटं नवरी निगाली, कुटं पालकी उटली. मला वाटलं, हितंच संपत आसंल."

नंदीशराव लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आयुष्यभर बंद दाराशी उभं राहावं आणि शेवटी कळावं की मागे खोलीच नाही, तसं त्यांना झालं. ताशेवाल्याने त्यांना पाणी दिलं.

ते पिऊन झाल्यावर नंदीशराव म्हणाले, "मग आज बसवा, मास्तर."

"काय?"

"पुढचं. आत्ता बसवा. दात आहेत तोवर."

अजिंक्यला ठसका लागला. तो रस्त्यापलीकडे चरणाऱ्या मेंढ्यांकडे बघायला लागला. मास्तरांनी रुमाल तोंडावर दाबला, त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. मास्तर रडताहेत असं समजून नंदीशरावांनी नजर वळवली.

मग मास्तरांनी धून पहिल्यापासून घेतली. त्या जागेवर आल्यावर ते क्षणभर अडले, एक सूर धरून तसेच उभे राहिले, आणि वळले. फार काही नव्हतं त्यात. शेतावरून माणूस परत येतो, अंगणात पाय धुतो, आत कोण आहे याचा कानोसा घेतो, तेवढंच होतं. शेवटचा सूर त्यांनी कोनाड्यात किल्ली ठेवावी तसा ठेवला.

"एवढंच?" दानेश्वरीबाई म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एवढ्याला काय लागलं असतं? उगीच हॉर्न मारला मी."

नंदीशरावांना टाळ्या वाजवायच्या होत्या. ते गडबडीने उठले, बुंध्याला घासले, आणि खिशातला मऊ कांदा फुटला. त्यांना त्याचं भान नव्हतं.

मानसिंग मास्तरांनी पुढचे चारही दात संक्रांतीच्या आधीच काढून कवळी बसवून घेतली होती.